विजारीची पारख

कचेरीत वापरायच्या विजारीची निवड डोळ्यांवर सोपवली, तरी फारसे बिघडत नाही. तिला दिवसाकाठी सोसावे लागते ते खुर्चीचे घर्षण आणि इस्त्रीची ऊब, एवढेच. रानावनात हिंडणाऱ्या माणसाच्या विजारीचे प्राक्तन निराळे असते. तिला खडकावर घासावे लागते, करवंदीच्या जाळीतून वाट काढावी लागते, ओढ्यात भिजून अंगावरच वाळावे लागते. अशी विजार आसनात उसवली, तर ती बदलायला दुकान जवळ नसते. भिजलेले जड कापड पायांना चिकटून बसले, तर चालणाऱ्याची गती मंदावते, आणि डोंगरावर मंदावलेली गती म्हणजे अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाला न पोहोचणे. म्हणून या साध्या वस्त्राचा विचार थोड्या गांभीर्याने करणे अप्रस्तुत ठरू नये.

अलीकडच्या काळात बाजारात ‘टॅक्टिकल पँट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या विजारींचा बराच बोलबाला आहे. मांडीवर मोठाले खिसे, गुडघ्यावर दुहेरी कापड, लष्करी छटा, असे त्यांचे रूप असते. गिर्यारोहक, वन्यप्राण्यांची छायाचित्रे काढणारे, सायकलीने दूरचा प्रवास करणारे आणि ‘एअरसॉफ्ट’ खेळणारे असे नाना प्रकारचे लोक त्या घेतात. एअरसॉफ्ट हा खेळ मूळचा जपानचा. खासगी शस्त्रांवर तेथे कडक निर्बंध असल्याने, खऱ्या बंदुकीसारख्या दिसणाऱ्या पण प्लास्टिकच्या सहा मिलिमीटर व्यासाच्या गोळ्या फेकणाऱ्या बंदुका १९७० नंतरच्या दशकात तेथे निघाल्या, आणि त्यांतून लुटुपुटीच्या लढाईचा हा खेळ जगभर पसरला. खेळ लुटुपुटीचा असला, तरी त्यातले गुडघे टेकणे, सरपटणे आणि झुडपांत दडणे खरेच असते. विजारीच्या दृष्टीने पाहता गिर्यारोहक आणि हा खेळाडू यांत फारसा भेद उरत नाही.

प्रश्न असा, की या गर्दीतून निवड करावी कशी? दुकानात टांगलेली प्रत्येक विजार मजबूत दिसते. पण दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना विजारींच्या इतिहासात थोडे डोकावणे उपयोगी पडते. तेथे एक गोष्ट ठळकपणे आढळते: मजबूत विजारीचे जे जे वैशिष्ट्य आज कौतुकाने दाखवले जाते, त्याच्यामागे कोणा ना कोणा श्रमजीवी माणसाची एखादी नेमकी तक्रार उभी आहे.

या इतिहासाची एक वाट थेट मुंबईला येऊन मिळते. इंग्रजी भाषेत कामकऱ्यांच्या जाड्याभरड्या विजारींना ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागावरून आला. तेथे मिळणारे जाडेभरडे सुती कापड सतराव्या शतकापासून परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. शिडांना, तंबूंना आणि पुढे खलाशांच्या कपड्यांना ते वापरले गेले. त्याला सौंदर्याचा दावा नव्हता. समुद्रावर काम करणाऱ्या माणसाला स्वस्त आणि चिवट कापड हवे होते. ती गरज डोंगरीच्या कापडाने भागवली, आणि त्याचे नाव जगाच्या कोशांत जाऊन बसले.

दुसरी कथा अमेरिकेतील नेव्हाडा राज्याची. रीनो या गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी तंबू, घोड्यांच्या झुली आणि कामकऱ्यांचे कपडे शिवत असे. एका मजुराच्या पत्नीने त्याच्याकडे नवऱ्यासाठी न फाटणारी विजार मागितली. मजुरांच्या विजारी बहुधा कापडात न फाटता खिशांच्या कोपऱ्यांशी उसवत, हे डेव्हिसच्या ध्यानात आले होते. झुलींसाठी आणलेले तांब्याचे रिबिट त्याने त्या कोपऱ्यांवर ठोकले. पुढे कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्राउस याच्यासह त्याने २० मे १८७३ रोजी या युक्तीचे पेटंट मिळवले, आणि जीन्सचा जगड्व्याळ धंदा त्यातून उभा राहिला. या कथेचा उत्तरार्धही बोधप्रद आहे. मागच्या खिशांवरचे रिबिट घोड्यांच्या खोगिरांना आणि घरातल्या खुर्च्यांना ओरखडे काढू लागले, तेव्हा १९३७ साली ते कापडाखाली झाकावे लागले. एका कामासाठी योजलेला उपाय दुसऱ्या ठिकाणी उपद्रव ठरतो, तो असा.

मांडीवरच्या मोठ्या खिशांचा जन्म युद्धात झाला. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी छत्रीधारी सैनिक शत्रूच्या मुलखात उतरत, तेव्हा त्यांच्याजवळचे अन्न आणि दारूगोळा अंगावरच असे; त्यासाठी १९४२ च्या गणवेशात ते प्रशस्त खिसे आले. ‘टॅक्टिकल’ विजारीचा उगम मात्र कड्यावर झाला. योसेमिटीच्या कड्यांवर नाव कमावलेला अमेरिकी गिर्यारोहक रॉयल रॉबिन्स याने पत्नी लिझसह कपड्यांचा व्यवसाय उभारला. त्याच्या एका विजारीला कडे चढण्यातील काठिण्याच्या श्रेणीवरून ‘५.११’ हे नाव मिळाले. पाय उंच टाकता यावा, गुडघा खडकावर टिकावा, एवढाच तिचा हेतू. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संघीय अन्वेषण विभागाच्या क्वांटिको येथील प्रबोधिनीत प्रशिक्षणार्थी ती वापरू लागले, आणि गिर्यारोहकाची विजार शस्त्रधाऱ्यांची म्हणून प्रसिद्धी पावली. आज ती लष्करी दिसते म्हणून जे तिच्यावर भाळतात, त्यांना तिचे मूळ कुळ बहुधा ठाऊक नसते.

या सर्वांतून निवडीचे एक सूत्र हाती येते. विजार घेणाऱ्याने प्रथम आपली तक्रार ओळखावी. मागची विजार कोठे गेली: गुडघ्यावर, आसनात, खिशाच्या कोपऱ्यात की पायाच्या मोहरीशी? ती फाटली, उसवली, की वाळता वाळेना? या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, त्याला जाहिरातीची भूल सहसा पडत नाही.

सूत्र हाती आल्यावर पहिला विचार तंतूचा. सुती कापड उन्हाळ्यात सुखावह असते. घाम टिपते, अंगाला टोचत नाही. आणखी एक गुण असा, की भिजल्यावर कापसाचा तंतू दुबळा न होता उलट थोडा बळकटच होतो. पण तो पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे भिजलेली सुती विजार सह्याद्रीच्या पावसात केवळ त्रासदायक असली, तरी हिमालयातल्या संध्याकाळच्या वाऱ्यात ती जिवावर बेतू शकते. नायलॉन घर्षणाला अत्यंत चिवट आणि लवकर वाळणारे. पॉलिएस्टर तर पाणी जवळजवळ शोषतच नाही. मात्र हे दोन्ही तंतू उष्णतेने वितळतात, नायलॉन साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला आणि पॉलिएस्टर २५५ ते २६० च्या सुमारास. शेकोटीची एक ठिणगी त्यांना भोक पाडते, आणि पेट घेतल्यास वितळलेले कापड कातडीला चिकटते. ज्याचा मुक्काम शेकोटीभोवती असतो, त्याने हे ध्यानात ठेवावे.

म्हणून मधला मार्ग मिश्र कापडाचा. पॉलिएस्टर आणि कापूस यांच्या मिश्रणाला आपल्याकडे ‘टेरिकॉट’ म्हणतात. पासष्ट टक्के पॉलिएस्टर आणि पस्तीस टक्के कापूस हे त्याचे नेहमीचे प्रमाण. भटकंतीच्या पुष्कळ विजारी याच मिश्रणाच्या असतात. कापूस आणि नायलॉन यांचे मिश्रण घर्षणाला याहून सरस ठरते. अलीकडे त्यात दोनपाच टक्के ताणले जाणारे तंतूही घालतात. त्याने उठबस सुलभ होते, हे खरे. परंतु हे तंतू कडक उष्णतेने आणि क्लोरीनच्या विरंजकाने लवकर निकामी होतात. ज्या विजारीचे बेतणेच मुळात चांगले आहे, तिला त्यांची गरज कमी भासते.

तंतूनंतर वीण. साध्या विणीत आडवा धागा एकाआड एक उभ्या धाग्यांखालून-वरून जातो. असे कापड घट्ट असते. पण एकदा भोक पडले की चीर सरळ वाढत जाते, कारण प्रत्येक धाग्याला एकट्यानेच तुटावे लागते. तिरप्या विणीत, म्हणजे ड्रिल आणि डेनिम यांच्या विणीत, धागा दोन-तीन धाग्यांवरून उडी घेतो. असे धागे ताण पडताच एकमेकांजवळ सरकतात आणि भार वाटून घेतात. म्हणून हे कापड सहजी टरकत नाही. तिसरा प्रकार ‘रिपस्टॉप’. साध्या विणीच्या पातळ कापडात ठरावीक अंतरावर जाड धागे उभे-आडवे विणून बारीक चौकड्या पाडलेल्या असतात. काट्याने पाडलेली चीर त्या जाड धाग्यापाशी येऊन थबकते. मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. रिपस्टॉप चिरेला आवरते, घर्षणाला नव्हे. खडकावर घसरणाऱ्याला त्याहून जाड तिरपी वीण किंवा कॅनव्हास अधिक उपयोगी. काटेरी झुडपांतून जाणाऱ्याला आणि उकाड्यात चालणाऱ्याला रिपस्टॉप उत्तम.

जाडी आणि मजबुती यांची गल्लतही नेहमी होते. जीन्सचे भारी कापड चौरस मीटरला ४०० ते ४७५ ग्रॅम भरते. भटकंतीच्या विजारीला १८० ते २५० ग्रॅम पुरे होतात. जाड कापड अधिक घासले जाऊ शकते खरे, पण ते वाकताना अडते. अडणारे कापड शिवणीवर ताण टाकते, आणि विजार बहुधा कापडाच्या मध्यभागी न जाता शिवणीशी जाते. डेव्हिस शिंप्याने हेरलेले सत्य आजही तसेच आहे.

यासाठी कापडाहून अधिक लक्ष बेतण्याकडे आणि शिवणीकडे द्यावे. साध्या विजारीच्या चार शिवणी आसनाखाली एका बिंदूत मिळतात. माणूस उकिडवा बसला वा त्याने उंच पायरीवर पाय टाकला, की सारा ताण त्या एका बिंदूवर येतो. चांगल्या विजारीत तेथे चौकोनी वा लांबट तुकडा जोडलेला असतो, सदऱ्याच्या काखेत शिंपी जोडतात त्याच जातीचा. त्यामुळे शिवणी एकत्र येत नाहीत, ताण विभागला जातो, आणि पाय मोकळा फिरतो. गुडघ्यालाही असाच न्याय लागू पडतो. गुडघा वाकतो त्या ठिकाणी चुण्या घालून कापडाला आधीच बाक दिलेला असेल, तर विजार वर ओढली जात नाही. दुहेरी कापडाच्या आत गादी सरकवायची सोय असल्यास त्या कप्प्याचे तोंड कोठे आहे ते पाहावे. वरून उघडा राहणारा कप्पा खडे आणि माती गोळा करतो.

शिवण पारखायची तर विजार उलटी करावी. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून टाक्यांच्या दोन किंवा तीन समांतर ओळी घातल्या असतील, तर ती शिवण टिकेल. कडा नुसत्या उघड्या असतील वा गोफासारख्या टाक्यांनी झाकलेल्या असतील, तर ती विजार शहरातच शोभेल. इंचाला आठ-दहा टाके पुरेत. फार दाट टाक्यांनी कापडाला भोकांची रांग पडते. खिशांचे कोपरे, पट्ट्याच्या लुपा आणि चेनीचा तळ, या तीन ठिकाणी दाट आडवे टाके असलेच पाहिजेत. आणि दोरा पॉलिएस्टरचा वा नायलॉनचा असावा. सुती दोरा कापडाच्या आधी झिजतो.

खिशांच्या बाबतीत संयम हा मोठा गुण होय. छत्रीधारी सैनिकाला मांडीवर ओझे न्यावे लागत होते, कारण त्याला दुसरा उपाय नव्हता. ज्याच्या पाठीवर पिशवी आहे, त्याने तो भार मांडीवर का घ्यावा? मांडीवरची जड वस्तू प्रत्येक पावलाला आपटते आणि चढणीवर दमवते. नकाशा, रुमाल, सुरी एवढ्यांपुरते दोन खिसे बस होतात. झाकणाला गुंडी असावी. चरचर आवाज करणारी चिकटपट्टी एअरसॉफ्टच्या खेळात दडून बसलेल्याचा ठावठिकाणा सांगते, आणि चिखलाने भरल्यावर चिकटतही नाही.

त्या खेळापुरती आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ०.२ ग्रॅम वजनाची गोळी एक ज्यूल ऊर्जेने सुटली, तर तिचा आरंभीचा वेग सेकंदाला १०० मीटर असतो. जपानने २००६ साली कायद्यात दुरुस्ती करून ही मर्यादा एका ज्यूलहूनही किंचित कमी ठेवली. अशी गोळी अंगाला घट्ट बसणाऱ्या कापडावर लागली की चांगलीच चटका देते. सैल कापड तिचा वेग बराच शोषून घेते. म्हणून खेळाडूने विजार थोडी सैल घ्यावी. डोळ्यांना मात्र कोणतीही विजार वाचवू शकत नाही. डोळ्यांचे योग्य कवच नसेल, तर हा खेळ मुळी खेळूच नये.

आता रंग. येथे निवड केवळ आवडीची राहत नाही. पेशावरला १८४६ साली उभारलेल्या ‘गाइड्स’ पथकाने भडक गणवेश टाकून मातकट रंग स्वीकारला, आणि फारसीतील ‘खाक’ म्हणजे धूळ या शब्दावरून खाकी हे नाव रूढ झाले. धूळ लपवणे आणि भूमीत मिसळून जाणे, हे दोन्ही गुण या रंगाला आजही आहेत. करडा, मातकट, शेवाळी असे साधे रंग भटक्याला पुरे पडतात. लष्करी ठिपक्यांच्या नक्षीचा मोह मात्र आवरावा. भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमान्वये, सैनिक नसताना आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैनिकासारखा वेष घालणे हा अपराध आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १५ जानेवारी २०२२ रोजी भारतीय सैन्याचा नवा रणवेष प्रकट झाला. त्याच्या नक्षीचे हक्क सैन्याने नोंदवून घेतले आहेत. बार्बाडोस आणि जमैका यांसारख्या देशांत तर नागरिकाने अशी नक्षी अंगावर घालणेच निषिद्ध आहे.

या निर्बंधांमागे केवळ शिष्टाचार नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर चढाई करणारे दहशतवादी भारतीय सैन्याच्या वेषात आले होते. त्यानंतर सैन्याने नागरिकांना असे कपडे न वापरण्याचे आणि व्यापाऱ्यांना ते न विकण्याचे आवाहन केले. सीमेलगतच्या प्रदेशात, अंधाऱ्या वेळी, पहाऱ्यावरच्या जवानाला समोरचा माणूस मित्र की शत्रू हे क्षणार्धात ठरवावे लागते. हौसेखातर त्याचा निर्णय अवघड करणे कोणाही नागरिकाला शोभत नाही.

फिकट रंगाचा एक निराळाच लाभ आहे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या वनात एका तापाचा शोध लागला. हा रोग गोचिडीच्या दंशाने माणसाला होतो. पुढे पश्चिम घाटाच्या इतर भागांतही तो दिसून आला, आणि २०१६ साली सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण आढळले. फिकट विजारीवर चढणारी बारीक गोचीड डोळ्यांना दिसते, गडद विजारीवर दिसत नाही. अशा वनांत हिंडताना पायाची मोहरी मोज्यात खोचता यावी इतकी अरुंद असावी, किंवा तिला बांधायला नाडी असावी. जळवांपासूनही हीच युक्ती पुष्कळ अंशी बचाव करते.

हे सारे लक्षात घेऊन दुकानात गेल्यावर विजार आरशासमोर पाहून थांबू नये. ती घालून मांडी घालावी, उकिडवे बसावे, एक पाय खुर्चीवर ठेवून पुढे झुकावे. कंबरपट्टी मागे खाली सरकली, किंवा आसनात कापड ताणले गेले, तर ती विजार कितीही भारी असली तरी नाकारावी. कापड उजेडासमोर धरून विणीचा दाटपणा पाहावा. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणावी. टाक्यांमधून उजेड दिसू लागला, तर तेथेच ती उद्या उसवेल. चेन दहा वेळा उघडझाप करून पाहावी. या परीक्षेला एक पैसाही पडत नाही, आणि तिने वाचणारा पैसा मात्र थोडा नसतो.

घेतल्यानंतरची निगा हीही निवडीइतकीच महत्त्वाची. चिखल वाळवून झटकावा आणि मगच विजार उलटी करून सौम्य साबणाने धुवावी, कारण चिखलातील वाळूचे कण धागे कापतात. वाळवावी सावलीत, प्रखर ऊन नायलॉनला जीर्ण करते. निसटलेला एक टाका त्याच संध्याकाळी घालावा, आणि झिजू लागलेल्या गुडघ्याला भोक पडण्यापूर्वीच आतून ठिगळ द्यावे. रफूची लाज वाटण्याचे कारण नाही. ज्या विजारीने वाट तुडवली, तिच्यावर वाटेच्या खुणा असणारच.

डोंगरीच्या कापडाला, रीनोच्या शिंप्याला किंवा योसेमिटीच्या गिर्यारोहकाला शूर दिसण्याची हौस नव्हती. त्यांच्यापुढे काम होते, आणि त्या कामातली एक अडचण होती. जो ग्राहक आपले काम आणि आपली अडचण घेऊन दुकानात जातो, त्याला योग्य विजार बहुधा सापडते. जो केवळ वेष शोधायला जातो, त्याला वेष मिळतो. तो पहिल्या पावसापर्यंत, किंवा पहिल्या काटेरी जाळीपर्यंत, टिकतो.